रुईच्या भिंतींमधली खुर्ची

सरकीचा तेलकट, किंचित कडसर वास आणि तापलेल्या यंत्रावरच्या धुळीचा वास एकमेकांत मिसळले की एक तिसराच वास तयार होतो. त्याला नाव नाही. दिग्रसच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, गोदामात मी तो पहिल्यांदा घेतला. आजही एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात जुना रेडिओ उघडलेला दिसला की माझी पावले थबकतात, मी श्वास भरून घेते आणि वाट पाहते. त्या वासामागून एक प्रश्न यायचाच: “कुठून?”

प्रश्न विचारणारे माझे घरमालक होते. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला मी दिग्रसला आले, तेव्हा जिनिंगच्या आवारातली, पूर्वी मुनीमजी राहायचे ती खोली त्यांनी मला भाड्याने दिली. उंच, पुढे किंचित झुकलेले, पांढरा पायजमा, आणि सदऱ्याच्या खिशात कायम रुईचा एक पुंजका. बोलताना ते तो बाहेर काढायचे आणि दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून हळूहळू ताणायचे. धागा किती लांब निघतो, हे पाहायची ती कापसाच्या व्यापारातली रीत. त्यांनी मात्र ती साऱ्या जगाला लावली होती. नवा कलेक्टर, शेजारच्या मुलीला सांगून आलेले स्थळ, निवडणुकीतले भाषण, सगळ्यांचा धागा ते हवेत ताणून पाहायचे आणि निकाल द्यायचे. “फरदड,” ते म्हणायचे. उभ्या पऱ्हाटीवर दुसऱ्यांदा येणारा, आखूड धाग्याचा कापूस तो. माझ्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलमधली घोटीव, दाबून बारीक केलेली गाणीही त्यांच्या लेखी फरदडच.

ते ऐकायचे इंग्रजी रॉक. नागपूरला कापडाचे इंजिनिअरिंग शिकताना वसतिगृहात शिलाँगचा एक मुलगा त्यांच्या खोलीत होता. त्याच्याकडे एका विलायती बँडची कॅसेट होती. वडील गेले, शिक्षण अर्धे टाकून ते जिनिंग सांभाळायला परतले. येताना त्या मुलाने ती कॅसेट यांच्या हातात ठेवली. शेवटच्या गाण्याच्या मध्यावर टेपरेकॉर्डरने फीत चावली होती. तिथून पुढे नुसती खरखर. तीस वर्षे त्यांनी ते गाणे तिथपर्यंतच ऐकले होते.

“मग सीडी का नाही आणली?” मी एकदा विचारले.

“अजी मॅडम, एवढी वाट पाह्यली, आता कायले फुटकं-तुटकं ऐका लागते? ते लोकं जुन्या टेपा काढून नवीन करून राह्यले. हरेक वाद्याची पट्टी अलग. गिटारवाला इथं, ढोलवाला तिथं, असे आपल्या भवताल बसवते. त्या बँडचाही नंबर येईन. येईन तवाच ऐकू.”

पाच स्पीकर आणि सहावा घुमणारा ठोकळा, असा तो प्रकार. त्यासाठी खास तबकड्या निघत. अमेरिकेतली त्यांची भाची दर दिवाळीला त्यातली एखाददुसरी घेऊन यायची. साध्या सीडीपेक्षा यांचे माप बारीक, असे ते समजावायचे. आवाज कापायला घेतला तरी धागा तुटत नाही. “स्टिरिओ म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीतून त्याचं लगन पाहणं. अन् हे म्हणजे पंगतीत जाऊन बसणं.” सहाव्या ठोकळ्याला त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, ‘रेडा’ म्हणायच्या. यंत्र घरात होते तोवर, तो घुमू लागला की त्यांच्या स्वयंपाकघरातल्या वाट्या थरथरत. “बांधा तुमच्या रेड्याले,” अशी हाक अंगणातून यायची, आणि घरमालक निमूटपणे एक बटण थोडेसे उलटे फिरवायचे.

म्हणून यंत्र गोदामात गेले. ते काकूंच्या हाकेबाहेरचे होते. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. जिनिंगची चाके थांबली होती, आणि दाबलेल्या रुईच्या गाठी, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या, भावाची वाट पाहत छतापर्यंत रचून ठेवलेल्या. हमालांना हाताशी धरून त्यांनी त्या चारही बाजूंनी लावून घेतल्या आणि मध्ये एक चौकोनी पोकळी राखली. तिथे शिरताच बाहेरचा रस्ता, एसटीचा भोंगा, कावळे, सारे पुसले जायचे. जिभेवरून शब्द निघाला की पुढेच कुठेतरी तो रुईत बुडायचा. स्वतःचा श्वास, गिळलेला आवंढा, कानशिलाजवळची नाडी, इतकेच उरायचे. सुरुवातीला तर गाठींनी गिटारचे सारे तेजही पिऊन टाकले होते. मग त्यांनी छपराचे जुने टिनपत्रे आणून मोजक्या जागी टेकवले, आणि तारांना पुन्हा धार आली. दाराशी काकूंनी पाण्याच्या बादल्या आणि वाळूचे घमेले ठेवले होते. विजेच्या तारा आणि कापूस एका छताखाली नांदतात, यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

एकदा तिथली जमीन झाडताना ते हळूच म्हणाले, “कापूस विकला नाही म्हणून मले असं गाणं भेटलं. हे कोणाले सांगायची गोष्ट नोहे मॅडम.” आणि झाडलेलीच जागा ते पुन्हा झाडू लागले.

पोकळीच्या मध्यावर जमिनीवर चुन्याची फुली होती. त्या फुलीवर खुर्ची. पाचही आवाज जिथे समसमान येऊन मिळतात अशी ती एकमेव जागा. रविवारी दुपारी, भारनियमनाच्या वेळापत्रकाने परवानगी दिली तर, गावातले तिघेचौघे यायचे: औषधांच्या दुकानाचे मालक, एक निवृत्त पोस्टमास्तर, कधी माझे एखादे सहकारी. बाकीचे गाठींना टेकून उभे, आणि खुर्चीत एका गाण्यापुरता एक जण. माझ्यासाठी नियम एक जास्तीचा, बांगड्या काढून बादलीच्या काठाशी ठेवायच्या. गाणे मध्येच थांबवून ते विचारायचे, “बासरी कुठून?” “झांज कुठून?” खुर्चीतल्याने हात करून दिशा दाखवायची. “आवाजाले पत्ता असते,” हे त्यांचे आवडते वाक्य. “पत्ता सापडला तर तो आपल्या घरचा. नाही तर नुसता रस्त्यावरचा गोंगाट.”

मला पत्ता सापडत नव्हता. नोकरी लागण्याच्या आदल्या वर्षी गालगुंड झाले आणि माझा डावा कान कायमचा गेला. हे मी कुणालाही सांगितले नव्हते. ज्याला एकच कान आहे त्याला आवाज येतो, पण तो कुठून आला हे उमगत नाही. सारे जग उजव्या खांद्यावर येऊन बसते. वर्गातल्या मुलांना हे लवकर कळले. कारण नाही, पण परिणाम कळला. कुणीतरी मागून मांजराचा आवाज काढायचे, मी भलत्याच बाकाकडे पाहायची, आणि वर्गात हशा फुटायचा. माझी नेमणूक अजून कायम झाली नव्हती. प्राचार्यांनी दोनदा दारात उभे राहून तो गोंधळ पाहिला होता. दुसऱ्यांदा ते म्हणाले, “बाई, वर्ग हातात राहत नसेल तर आम्हाला विचार करावा लागेल.” आणि माझी कविता? ती तर मी म्हणायचीच सोडली होती. स्वतःचाच आवाज अर्धा येत असेल तर ओळ कुठे टेकवावी, हे कळत नसे. कागदावर लिहायची आणि घडी घालून ठेवायची.

गोदामात मात्र मी तरून गेले, ते पाठांतरावर. आधी बसलेल्यांची उत्तरे मी ऐकून ठेवायची. झांज मागे डावीकडे, दुसरी गिटार मागे उजवीकडे. माझी पाळी आली की डोळे मिटून मी तेच हातवारे करायची. घरमालक खूश. “मॅडमचा कान बारीक आहे,” ते सगळ्यांना सांगायचे. त्या ढोलवाल्याची झांज डावीकडेच का ठेवली असेल, यावर त्यांचा एक सविस्तर सिद्धान्तही होता. तो डावखुरा असणार, आणि डावखुऱ्या माणसाचे दुःख त्याच बाजूने वाहते, असा काहीसा. पोस्टमास्तरांना तो फार पटला होता.

त्या दिवाळीला भाची आली. गोदामात उभी राहून तिने अर्धे गाणे ऐकले, स्पीकरच्या मागे वाकून पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला.

“मामा, मागच्या दोन्ही वायरी उलट्या लावल्यात तुम्ही! डावीकडचं सगळं उजवीकडे वाजतंय. कधीपासून?”

“लावल्या तवापासून,” मामा म्हणाले.

“म्हणजे वर्षभर?”

“मंग त्या डावखुऱ्याच्या दुःखाचं काय करता आता?” औषधवाल्यांनी विचारले, आणि घरमालक सगळ्यांत मोठ्याने हसले. भाचीने वायरी बदलल्या. तेच गाणे पुन्हा सुरू झाले. औषधवाले बसले, त्यांनी काय दाखवले ते मला कळलेच नाही, कारण काकू माझ्या कानाशी चहाचे विचारत होत्या. मग मी बसले.

“झांज कुठून, मॅडम?”

मी डोळे मिटून, सवयीने, हात मागे डावीकडे केला.

मी डोळे उघडले तेव्हा भाची गोंधळून माझ्याकडे पाहत होती आणि औषधवाल्यांच्या ओठांवर हसू फुटू लागले होते. घरमालकांनी माझ्याकडे, प्रश्न ऐकायला मी पुढे केलेल्या उजव्या कानाकडे, पाहिले. एकदाच. मग ते औषधवाल्यांकडे वळले आणि त्यांनी आवाज चढवला: “हसता काय? वर्षभर मीच सगळ्याइले उलटं शिकवलं. मॅडमनं माझं शिकवणं ध्यानात ठेवलं, तुमी लगेच विसरले. चला, पुढचं गाणं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. ते आले, माझ्या डाव्या हाताच्या रिकाम्या खुर्चीजवळ क्षणभर थांबले, मग ती उचलून माझ्या उजवीकडे नेऊन ठेवली आणि बसले. खिशातला पुंजका काढून ताणू लागले. हवापाणी, सरकीचे भाव, काकूंचे गुडघे, असे काहीबाही बोलले. एक शब्दही विचारला नाही. त्या दिवसानंतर ते माझ्या डाव्या बाजूला कधीही बसले नाहीत. जेवताना, चालताना, रिक्षात, लग्नाच्या मांडवात, कायम उजवीकडे. मायेची इतकी नीट जागा धरून बसणारी माणसे मला नंतर फार भेटली नाहीत.

पुढच्या आठवड्यात हातगाडीवरून एक अजब वस्तू आवारात आली. बस स्टँडजवळचे एक सलून नव्याने सजत होते, त्यातली जुनी, फिरती, लोखंडी पायाची खुर्ची. लाल रेक्झिन, डोके टेकायला उशी.

“आता दाढ्या करणार का गोदामात?” काकू म्हणाल्या. “एवढंच राह्यलं होतं.”

“तुमी पाहाच,” म्हणत त्यांनी ती चुन्याच्या फुलीवर बसवली, खाली तेल सोडले आणि मला बोलावले. रविवार नव्हता. दुसरे कुणी नव्हते.

“बसा मॅडम. दोन कानाचा माणूस जागेवर बसून पत्ता काढते. एका कानाले दारोदार फिरा लागते. त्यात काही वाईट नाही. पोस्टमन काय करते मंग?”

माझ्या डोळ्यांत पाणी आले ते मी पुसले नाही. त्यांनीही पाहिले नाही, ते यंत्राशी वाकले होते. मग पाठीमागे येऊन, खुर्चीची पाठ धरून, ते मला हळूहळू फिरवू लागले. सगळा आवाज आधी एकाच ढिगासारखा होता. फिरता फिरता त्यातली झांज एकाएकी उजळली, पाण्यावर ऊन यावे तशी, आणि पुढे सरकताच मंद झाली, मखमलीखाली गेली. पुन्हा मागे वळले की पुन्हा उजळली. “हां,” पाठीमागून आवाज आला, “जिथं चमकली तिथं दार. तिथं थांबा.”

कितीतरी दुपारी आम्ही हे केले. पुढे त्यांनी खुर्ची फिरवणे सोडले आणि मला नुसती मान वळवायला लावली. मग अगदी थोडी, कुणाच्या लक्षातही येणार नाही इतकी. मांजर वर्गात पुन्हा ओरडले त्या दिवशी मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. वळले नाही. फक्त हनुवटी हलवली, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि ते दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा मी म्हणाले, “खिडकीजवळचा तिसरा बाक. मांजराने उभं राहून पुढची कविता वाचावी.” मांजर उभे राहिले. छान वाचले त्याने. प्राचार्य पुन्हा दारात आले नाहीत, आणि त्या उन्हाळ्यात माझी नोकरी कायम झाली. घरमालकांना पेढे द्यायला गेले तर त्यांनी पेढ्याचा तुकडा चिमटीत धरून ताणून पाहिला. “लांब धागा,” म्हणाले.

आमचा वाद एकाच गोष्टीवरून व्हायचा. त्या गाण्यांचे शब्द त्यांना कळत नसत आणि कळून घ्यायची इच्छाही नसे. मी शब्दांवर वाढलेली. “अर्थाशिवाय गाणं कसं पुरं होईल?” मी म्हणायची. ते म्हणायचे, “तो रडून राह्यला हे समजते ना? कायले रडून राह्यला हे विचारणारे आपण कोण?” मग थोड्या वेळाने, तिरक्या नजरेने: “तुमी तं अर्थवाल्या. मंग तुमची कविता काहून ऐकवत नाही कोणाले?” मी चहाचे कप गोळा करू लागायची.

आणि मग भाव आला. फार नव्हे, पण गाठी हलाव्यात इतका. व्यापाऱ्याने निरोप पाठवला, ट्रक येत आहेत. नेमक्या त्याच आठवड्यात अमेरिकेहून पाकीट आले. ती तबकडी. तीस वर्षे ज्या गाण्याचा शेवट त्यांना माहीत नव्हता, तो बँड शेवटी पाच दिशांना वाटला गेला होता. पाकीट आले त्या दिवसापासून आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळालेला. सकाळ-संध्याकाळ ते पाकीट हातात घेऊन बल्बकडे पाहत बसायचे. जिनिंगचे डिझेल इंजिन लावा, असे काकूंनी सुचवले, तर ते म्हणाले, “त्याचा पत्ता पूर्ण गावात सापडते.”

ट्रक फाटकात आले आणि वीजही आली, दोन्ही एकाच दुपारी. हमालांचा मुकादम, जवळच्या तांड्यावरचा, पिढ्यानुपिढ्या माल वाहणाऱ्या घराण्यातला, डोक्याला फडके गुंडाळत दाराशी उभा राहिला. घरमालकांनी त्याला हात जोडले.

“एक गाणं, नाईक. शेवटचं. मंग सगळं तुमचंच.”

“ऐका ना मालक,” मुकादम हसला. “नाही तं असं करू, गाठीसंग गाणंही भरू ट्रकात. भाडं नाही लागत त्याचं.” आणि हमाल चहाला गेले.

मी बांगड्या काढून बादलीशी ठेवल्या आणि गाठींना टेकून उभी राहिले. त्यांनी तबकडी आत सरकवली. मग ते फुलीकडे गेले नाहीत. माझ्याजवळ, उजवीकडून, आले.

“बसा मॅडम.”

“नाही,” मी म्हणाले. “आज नाही. तुम्ही तीस वर्षं—”

“मी फिरवतो. माझं पाठ आहे ते. जिथं फीत तुटली तिथपर्यंत पाठ आहे. तिथून पुढं कोणीतरी पत्ता सांगणारं पायजे ना मले.”

मी बसले. ते मागे उभे राहिले. गाणे सुरू झाले आणि लाल खुर्ची अगदी सावकाश फिरू लागली. गिटार उजळली, मावळली; मागून कुणीतरी कुजबुजल्यासारखा गायला आणि माझ्या चांगल्या कानासमोरून गेला. मध्यावर खुर्ची थबकली. फीत चावली गेली होती ती जागा. पाठीवरच्या त्यांच्या बोटांची पकड मला रेक्झिनमधून कळली. खरखर आली नाही. तिथे एकटाच एक आवाज उभा होता, वाद्यांशिवाय, आणि मग एकेक करून सगळे त्याच्याकडे परतत गेले. मी हात वर केला आणि दाखवत राहिले: समोर. मागे उजवीकडे. आता डावीकडे. आता पुन्हा समोर. मागे ते प्रत्येक वेळी “हां” म्हणत होते, लहान मुलाने गोष्ट ऐकावी तसे.

“तीस वर्षं थांबले अन् उभ्यानं ऐकलं,” काकू दारातून म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला होता.

“उभ्यानं का होईना, पूर्ण ऐकलं,” ते म्हणाले.

संध्याकाळच्या आत गोदाम रिकामे झाले. मला वाटले होते, ते खचतील. ते तर हमालांबरोबर गाठींना खांदा लावत होते. शेवटचा ट्रक वळल्यावर आम्ही आत गेलो. इतकी मोठी जागा होती ती! टिनाचे छत, उघड्या विटा, फटींतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्या, आणि त्या उन्हात तरंगणारे कापसाचे तंतू. त्यांनी टाळी वाजवली. टाळी चार भिंतींवर आपटली, छताला लागली आणि पुन्हा पुन्हा परत आली. यंत्र लावून पाहिले, तर पाचही आवाज एकमेकांत कालवले जाऊन नुसता कल्लोळ. त्यांनी बटण बंद केले. क्षणभर मला भीती वाटली. पण त्यांचा चेहरा उत्सुक होता.

“आता इथं कोणालेच पत्ता भेटत नाही,” ते म्हणाले. “मले नाही अन् कोणाले नाही.” मग सलूनच्या खुर्चीत बसून त्यांनी डोळे मिटले. “म्हणा मॅडम. तुमची कविता. इथं हसाले कोणी नाही.”

मी कोपऱ्याकडे चालत गेले. पहिली ओळ म्हटली ती जवळजवळ कुजबुजत. ती गेली आणि परत आली, माझी नसल्यासारखी, मोठी होऊन. दुसरी ओळ मी त्या परतणाऱ्या ओळीवर ठेवली. टेकायला जागा मिळाली तिला. मी भिंतीच्या कडेने चालत राहिले आणि म्हणत राहिले. आजारपणानंतर पहिल्यांदाच माझा आवाज मला पुरा येत होता. माझ्या एका कानाला वाटत होते की तो साऱ्या बाजूंनी येतो आहे, आणि हा माझ्याच कानाचा दोष की काय, हे मला समजेना. कविता संपली. शेवटचा शब्द विरायला वेळ लागला. ते अजून डोळे मिटूनच बसले होते.

इतके दिवस त्यांनी मला विचारलेला प्रश्न मग मीच त्यांना विचारला.

“आवाज कुठून आला?”

त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, मला शिकवली होती तशीच, अगदी थोडी. उजव्या हाताची बोटे दिशा दाखवायला उचलली गेली, हवेत थांबली आणि उलगडली. मग दोन्ही कानांचा तो माणूस, डोळे न उघडता, मला म्हणाला, “चौफेर.”